रामबाम आणि उद्धाराचा तराजू

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मराठी माणसाशी ओळख फार जुनी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यातले गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्यू धर्माच्या मोठ्या सणांनाही या समाजाने अस्सल मराठी नावे दिली. ज्यू वर्षाचा पहिला दिवस तो ‘नव्याचा सण’ आणि त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा प्रायश्चित्ताचा कडक उपवास तो ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. हे मधले दिवस जगभरचे ज्यू आत्मपरीक्षणाचे मानतात आणि त्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त दानधर्म करतात. असे का करायचे, याचा खुलासा बाराव्या शतकातल्या एका वैद्याने आपल्या ग्रंथात करून ठेवला आहे. आमच्या या सदरात आज त्याच माणसाचे चरित्र सांगायचे आहे. युरोपीय भाषांत त्यांना मायमोनिडीस म्हणतात, अरबीत मूसा इब्न मैमून. रब्बी मोशे बेन मैमोन या हिब्रू नावाची आद्याक्षरे जुळवून ज्यू लोक त्यांना रामबाम म्हणतात, आणि आम्हीही तेच सुटसुटीत नाव वापरणार आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक शब्द समजून घेऊ. आपल्याकडे मुक्ती म्हटले की एका जिवाची जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका डोळ्यांपुढे येते. ज्यू धर्मातला उद्धार, हिब्रूत ‘गेउला’, हा निराळा आहे. मूळ शब्द व्यवहारातला. गरिबीमुळे विकावी लागलेली भाऊबंदाची जमीन किंवा गुलामीत गेलेला भाऊबंद पैसे भरून सोडवून आणणे, हा त्याचा जुना अर्थ. पुढे तोच शब्द साऱ्या समाजाच्या सुटकेला लागला. देशोधडीला लागलेले लोक परत येतील, मशीहा नावाचा राजा येईल आणि जगात न्याय नांदेल, अशी ती आशा. ही सुटका याच जगात, इतिहासातच व्हायची आहे. मग प्रश्न येतो, ती आणायची कोणी? देव ठरल्या वेळी आणणार असेल, तर माणसाने नुसती वाट पाहायची का? रामबाम यांच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि दर वेळी तो हाडामांसाच्या माणसांच्या जिवाशी निगडित होता.

रामबाम यांचा जन्म स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात झाला. परंपरा ११३५ साल सांगते, अभ्यासक ११३८ मानतात. वडील मैमोन हे तिथल्या ज्यू समाजाचे न्यायाधीश. घरात धर्मशास्त्राची अनेक पिढ्यांची विद्या होती, शहरात अरबी तत्त्वज्ञान, गणित आणि वैद्यक भरभराटीला आलेले होते. पण मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच, ११४८ साली, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या कट्टर राजवटीने कोर्दोबा घेतले. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांपुढे धर्म बदला किंवा देश सोडा, अशी निवड आली. कुटुंबाने शहर सोडले. काही वर्षे स्पेनमध्येच भटकंतीत काढून ते ११६०च्या सुमारास मोरोक्कोतल्या फेझ शहरी आले. तिथेही राज्य अल्मोहादांचेच होते.

त्या प्रदेशात हजारो ज्यूंनी जिवाच्या भीतीने तोंडदेखला धर्म बदलला होता. घरात दार लावून ते आपली प्रार्थना म्हणत. अशात एका पंडिताने निर्णय दिला की ज्याने एकदा ते शब्द उच्चारले त्याची पुढची सारी प्रार्थना आणि सारी सत्कृत्ये फुकट गेली. तरुण रामबाम यांनी त्याला लांबलचक उत्तर लिहिले. जुलमाखाली उच्चारलेल्या शब्दाने माणूस धर्माबाहेर जात नाही, त्याने लपून केलेले लहानसे सत्कृत्यही देवाच्या हिशेबात धरले जाते आणि अशा माणसाला झिडकारणे हेच मोठे पाप, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच पत्रात त्यांनी या लोकांना एक कडक गोष्टही सुनावली. आता इथेच राहू, मशीहा येईल तेव्हा त्याच्याबरोबर जेरुसलेमला जाऊ, असे म्हणत बसलेल्यांना त्यांनी सांगितले की हे स्वतःला फसवणे आहे. मशीहा कधी येईल यावर आपले आजचे कर्तव्य अवलंबून नाही. जिथे आपल्या धर्माप्रमाणे जगता येत नाही ते गाव, घरदार आणि माणसे मागे ठेवूनसुद्धा, शक्य तितक्या लवकर सोडावे.

११६५च्या वसंतात या कुटुंबाने स्वतः तेच केले. जहाज समुद्रात वादळात सापडले, पण सुमारे महिन्याभराने ते पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर आक्का बंदरात सुखरूप उतरले. तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे राज्य होते. जेरुसलेम आणि हेब्रोन इथे प्रार्थना करून रामबाम पुढे इजिप्तला गेले आणि शेवटी जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तात इथे, स्थायिक झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

इजिप्तमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच उद्धाराचा प्रश्न अगदी रोकड रूपात समोर आला. ११६८च्या नोव्हेंबरात जेरुसलेमचा राजा अमाल्रिक याने नाईलच्या मुखप्रदेशातले बिलबैस हे गाव लुटले आणि तिथल्या लोकांना कैद करून नेले. त्यांत ज्यूही होते. भूमध्य समुद्राच्या भागात तेव्हा एका कैद्याच्या सुटकेचा सर्वसाधारण दर ठरलेला होता, तिघांना १०० दिनार. साध्या कुटुंबाचा महिना दोन दिनारांत निघे, यावरून ही रक्कम किती मोठी होती ते कळेल. रामबाम यांनी या कैद्यांसाठी गावोगाव पत्रे धाडली. कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये शेकडो वर्षे जुने कागद साठवून ठेवण्याची खोली होती. ‘गेनिझा’ नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या साठ्यात त्यांच्या पत्रांपैकी काही आजही सापडली आहेत. न्यायाधीश, वडीलधारे आणि विद्यार्थी असे आम्ही सारे रात्रंदिवस प्रार्थनाघरांत, बाजारांत आणि घरांच्या दारोदार फिरून लोकांकडे पैसे मागतो आहोत, तुम्हीही आपापल्या गावी तसेच करा, असा त्यातला आशय आहे. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात नियम घातला की कैद्याची सुटका करण्याइतके मोठे दान दुसरे नाही, कारण कैदी हा भुकेला, उघडा आणि जिवाच्या धोक्यात असलेला, हे सारे एकाच वेळी असतो. त्याच्याकडे पाठ फिरवणारा एकाच वेळी अनेक आज्ञा मोडतो.

याच सुमारास घरावर मोठा घाला आला. वडील वारले होते. धाकटा भाऊ डेव्हिड जवाहिऱ्याचा व्यापार करी आणि त्यावरच सारे घर चालत होते, त्यामुळे थोरल्या भावाला अभ्यासाला मोकळीक मिळे. डेव्हिड तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला, पण मनाजोगा माल न मिळाल्याने त्याने तसेच पुढे हिंदुस्थानला जायचे ठरवले. निघण्यापूर्वी त्याने भावाला लिहिलेले पत्रही गेनिझात मिळाले आहे आणि आज ते केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. त्याचे जहाज हिंदी महासागरात बुडाले. त्याच्याबरोबर घरचा आणि इतरांचा बराच पैसा गेला. मागे त्याची बायको आणि लहान मुलगी राहिली. रामबाम सुमारे वर्षभर ताप आणि शोकाने अंथरुणाला खिळून होते. आठेक वर्षांनी आक्काच्या एका स्नेह्याला लिहिताना, भावाचे हस्ताक्षर दिसले की अजूनही काळीज हलते, असे त्यांनी कळवले आहे. धर्मविद्येवर पोट भरायचे नाही हे त्यांचे तत्त्व होते. आता दोन घरांचा भार अंगावर आल्यावर त्यांनी वैद्यकी हाच व्यवसाय केला. काही वर्षांतच सुलतान सलाउद्दीनचा वजीर अल्-काझी अल्-फादिल याचे वैद्य म्हणून आणि इजिप्तच्या ज्यू समाजाचे प्रमुख म्हणून त्यांचे नाव झाले.

११७२च्या सुमारास येमेनहून एक पत्र आले. तिथल्या राज्यकर्त्याने ज्यूंवर धर्मांतराची सक्ती चालवली होती. अशा वेळी, मी मशीहाचा दूत आहे, उद्धाराची घटका जवळ आली, असे सांगणारा एक माणूस निघाला. लोकांनी आपली सारी मालमत्ता गरिबांना वाटून टाकावी आणि तयार राहावे, असे तो सांगत होता. खचलेले लोक त्याच्यामागे जाऊ लागले. काय करावे, असे तिथल्या समाजाच्या पुढाऱ्याने विचारले होते. रामबाम यांचे उत्तर ‘येमेनला पत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. ते गावोगाव वाचून दाखवायचे होते. एका जुलमी राजवटीविरुद्ध असे पत्र हाती लागले तर लिहिणाऱ्याच्या जिवावर बेतेल याची त्यांना जाणीव होती आणि तसे त्यांनी लिहिलेही आहे, पण समाजाच्या हितापुढे त्यांनी तो धोका पत्करला.

त्या पत्रात त्यांनी लोकांना धीर दिला. असे छळ पूर्वीही आले आणि गेले, समाज टिकला. मग त्या दूताविषयी स्पष्ट मत दिले. तो वेडा आहे आणि त्याला बांधून ठेवणे हेच त्याच्या आणि सर्वांच्या भल्याचे. दान करावे, पण सर्वस्व लुटून देऊन स्वतःच भिकेला लागावे, असे धर्म सांगत नाही. ग्रह-ताऱ्यांवरून किंवा ग्रंथांतली अक्षरे मोजून उद्धाराचे साल काढण्याचा नाद सोडावा. कारण एकदा साल ठरले आणि ते कोरडे गेले की लोकांचा विश्वासच उडतो. त्या दूताचा शेवट कसा झाला तेही रामबाम यांनी पुढे एका पत्रात सांगितले आहे. त्याला पकडल्यावर, माझे डोके उडवा, मी पुन्हा जिवंत होईन, असे तो म्हणाला. राजाने डोके उडवले. तो उठला नाही. त्याच्यामागे गेलेल्यांना मात्र जबर दंड भरावा लागला.

आता कोणाला वाटेल, की हा माणूस लोकांची आशाच काढून घेत होता. आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी आशेचा पत्ता बदलला. तो कसा, हे त्यांच्या ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात दिसते. ज्यू धर्मशास्त्राचा अफाट पसारा त्यांनी सोप्या हिब्रूत चौदा भागांत नीट लावून दिला. हे काम सुमारे दहा वर्षे चालले आणि ११७८च्या आसपास पुरे झाले. त्यातल्या पश्चात्तापाच्या प्रकरणांत त्यांनी तालमूदमधली एक जुनी कल्पना घेतली आणि तिला नियमाचे रूप दिले. प्रत्येक माणसाने वर्षभर असे समजावे की आपले पाप आणि पुण्य अगदी सारखे आहे, आणि साऱ्या जगाचेही तसेच, तराजूचा काटा मधोमध उभा आहे. मग आपल्या हातून एक पाप घडले तर आपणच स्वतःला आणि साऱ्या जगाला खाली ओढले. एक सत्कृत्य घडले तर आपणच स्वतःला आणि साऱ्या जगाला वर उचलले. म्हणूनच नव्याच्या सणापासून दरफाळणीच्या सणापर्यंत लोक जास्त दान करतात, हा खुलासा याच ठिकाणी येतो.

या हिशेबातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. जगाचा काटा खरोखर मधोमध आहे का, हे कोणालाच ठाऊक नसते. पण तसे समजून वागायचे, कारण मग एकही कृत्य क्षुल्लक राहत नाही. माझ्या एकट्याने काय होणार, ही पळवाट बंद होते. आणि मी एकटाच जगाचा तारणहार, हा ताठाही उरत नाही, कारण शेजाऱ्याच्या हातातही तेवढेच वजन आहे.

तालमूदमध्ये यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, लोक वाईट वाट सोडून वळले तरच उद्धार होईल. दुसरा म्हणतो, वळोत न वळोत, ठरल्या वेळी तो होईलच. रामबाम यांनी कौल दिला तो पहिल्या बाजूने. हिब्रूत पश्चात्तापाला ‘तेशुवा’ म्हणतात, त्याचा अर्थच परत वळणे. वळल्याशिवाय उद्धार नाही, पण लोक शेवटी वळतील असे तोरा ग्रंथाचे आश्वासन आहे, आणि वळताक्षणी उद्धार होईल, असा मेळ त्यांनी घातला. त्याला जोडून त्यांनी नशिबाची सबबही काढून घेतली. माणूस जन्मतः चांगला किंवा वाईट ठरवलेला नसतो. मोशेसारखा सज्जन होणे किंवा दुष्ट राजा यारोबामसारखा होणे, दोन्ही त्याच्या हाती असते.

त्याच ग्रंथाच्या अगदी शेवटी मशीहाचे वर्णन येते आणि ते वाचून अनेकांना धक्का बसला. हा मशीहा चमत्कार करणार नाही. मेलेल्यांना उठवून त्याने खूण पटवायची नाही. सृष्टीचा नेहमीचा क्रम चालूच राहील. आजच्या दिवसात आणि त्या दिवसात फरक एवढाच, की परक्या सत्तेचे जोखड नसेल आणि लोकांना ज्ञानासाठी सवड मिळेल. जगावर राज्य करावे किंवा चैन करावी म्हणून ऋषितुल्य लोकांनी त्या दिवसाची वाट पाहिलीच नव्हती. उदाहरण म्हणून रामबाम यांनी बार कोखबाचे नाव घेतले. रोमन सत्तेविरुद्ध १३२ ते १३५ या काळात उठाव करणाऱ्या या पुढाऱ्याला रब्बी अकिवासारख्या थोर पंडितानेही मशीहा मानले होते आणि त्याच्याकडे चमत्कार मागितला नव्हता. तो मारला गेला तेव्हा कळले की तो मशीहा नव्हता. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येईल का, कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, या तपशिलांत फार गुंतू नये, असेही त्यांनी बजावले.

अल्लूकडे बोट दाखवावे तसे इथे आम्हाला अलिबागकडे बोट दाखवावेसे वाटते. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाचा रथ उतरला अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे, आणि ‘एलियाहू हन्नाबी’च्या नावाने मलिद्याचा नैवेद्य करणे हा त्यांच्या घरांतला लाडका विधी. उद्धाराची वर्दी घेऊन येणारा हा संदेष्टा कोकणात घरचा माणूस झाला. रामबाम यांना कोकणचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आयुष्याच्या शेवटी फ्रान्समधल्या लुनेल गावच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे. त्यांना ग्रंथ ठाऊक नाहीत, पण ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, एवढेच त्यांना कळले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांचे वर्णन याशी जुळते, म्हणून बेने इस्राएलचे अभ्यासक या ओळींकडे पुन्हा पुन्हा वळतात. ज्या समुद्राने त्यांचा भाऊ नेला, त्याच समुद्राच्या काठी ग्रंथांवाचूनही लोक आठवड्याचा एक दिवस राखून होते.

रामबाम यांच्यावर टीका बरीच झाली. मशीहाला चमत्कार करू न देणारा हा माणूस मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर तरी विश्वास ठेवतो की नाही, असा आक्षेप बगदादहून आला. त्याला त्यांनी ११९१ साली स्वतंत्र निबंध लिहून, विश्वास ठेवतो, असे उत्तर दिले. ११९०च्या सुमारास त्यांनी अरबी भाषेत, हिब्रू लिपीत, ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ पुरा केला. त्यांच्या मृत्यूनंतर तीसएक वर्षांनी फ्रान्समध्ये त्यांच्या पुस्तकांची होळीही झाली.

हे सारे लिहिणाऱ्याचा दिवस कसा जाई, ते ११९९ साली आपल्या अनुवादकाला लिहिलेल्या पत्रातून कळते. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला राजवाड्यात जायचे. तिथे कोणी आजारी असेल तर दिवस तिथेच. दुपारनंतर उपाशीपोटी घरी परतावे, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. त्यांत श्रीमंत, गरीब, ज्यू, मुसलमान, मित्र, शत्रू सारे. हातपाय धुऊन, त्यांची परवानगी मागून चार घास खायचे आणि रात्र पडेपर्यंत त्यांना तपासायचे. शेवटी थकून आडवे पडूनच औषधे सांगायची. शनिवारी समाजाची माणसे येत, त्यांना आठवड्याची कामे लावून द्यायची आणि शिकवायचे. तराजूची गोष्ट ज्याने लिहिली, तो स्वतः रोज कोणते पारडे भरत होता, हे या पत्रात दिसते.

त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरच्या पायरीवर भिक्षा नाही. पडू पाहणाऱ्या माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करायचे, की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, ही ती पायरी. पुढे सोळाव्या शतकात गालीलमधल्या साफेद गावच्या गूढवाद्यांनी प्रत्येक माणसाच्या सत्कृत्याने तुटलेले विश्व दुरुस्त होते, असा विचार मांडला आणि वैयक्तिक जबाबदारीची ही कल्पना आणखी दूर नेली. रामबाम यांचा मार्ग गूढवादाचा नव्हता. त्यांची दुरुस्ती बाजारात, दवाखान्यात आणि न्यायसभेत होणारी होती.

डिसेंबर १२०४मध्ये ते फुस्तातला वारले. परंपरेनुसार त्यांचा देह गालीलच्या सरोवराकाठी तिबेरियास इथे नेऊन पुरला. त्या समाधीवर आजही लोक जातात. त्यांना हवा होता तो दिवस त्यांनी पाहिला नाही.

मूळ मुलखापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या गावी राहणाऱ्या आमच्यासारख्या समाजाला हे चरित्र जवळचे वाटते. ज्या गावी राहिले त्या गावच्या भाषेत त्यांनी ग्रंथ लिहिले, त्या गावच्या रोग्यांना औषध दिले आणि आपले जे होते तेही जपले. आपल्याही मंडळांतून, भाषेचे काय होणार, पुढच्या पिढीचे काय होणार, असा सूर नेहमी निघतो, आणि कोणीतरी येऊन हे सावरील अशी वाट पाहिली जाते. बिलबैसच्या कैद्यांसाठी रामबाम यांनी मशीहाची वाट पाहिली नाही. ते कागद-लेखणी घेऊन बसले, आणि मग दारोदार फिरले.